पान बोलते, पण वाट दाखवते का?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात कुंभार पिंपळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलताना मथळे नव्हते. छपाईसाठी देताना वक्त्याने ते घातले आहेत.)



संस्थेच्या चिटणीस साहेबांनी मला निमंत्रण दिले तेव्हा साहजिकच विषय विचारला. मी म्हणालो, “वेब पानाची रचना आणि त्यावरचे मथळे.” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “विषय चांगला आहे. पण तो कॉम्प्युटरच्या वर्गातला. समोर पालक बसणार. त्यांना त्याचे काय?”

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचेच उत्तर देण्यासाठी मी आपल्यासमोर उभा आहे. पालकहो, आपल्या मुलांच्या शिष्यवृत्तीची सूचना आता कोठे लागते? दहावी-बारावीचा निकाल कोठे येतो? प्रवेशाचा अर्ज, सातबाऱ्याचा उतारा, परीक्षेचे वेळापत्रक कोठे पाहावे लागते? पूर्वी हे सारे कचेरीच्या किंवा शाळेच्या फळ्यावर लागत असे. आज तो फळा वेब पान झाला आहे. फळा उंच टांगला तर बुटक्याला दिसत नाही, एवढे आपल्याला कळत होते. वेब पान कसे टांगले म्हणजे कोणाला पोचत नाही, हे मात्र आपण अजून विचारलेले नाही. तो विचार आज करावयाचा आहे.

माझीच चूक

दुसऱ्याचे दोष सांगण्यापूर्वी माणसाने आपला सांगावा. काही वर्षांपूर्वी मी एका शिक्षणसंस्थेसाठी वेबसाइट तयार करून दिली. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण चूक संस्थेची नव्हती, माझी होती. पान दिसायला सुरेख होते. वर संस्थेचे चिन्ह, त्याखाली चाळीस दुव्यांची लांबलचक यादी, मग लाल रंगात मोठ्या ठळक अक्षरांत “शिष्यवृत्ती सूचना”, आणि खाली एक रंगीत चित्र. अर्जाची शेवटची तारीख त्या चित्रात लिहिलेली होती. लोकांनी वाखाणणी केली आणि मीही खूश होतो.

माझ्या खालाचा मुलगा जन्मापासून दृष्टिहीन आहे. त्या वेळी तो बी. ए. करीत होता. पान वाचून दाखविणारा प्रोग्रॅम त्याच्या लॅपटॉपवर होता आणि तो आपली सर्व कामे स्वतः करीत असे. शिष्यवृत्ती निघाली आहे हे त्याला मित्राकडून कळले होते. सुट्टीत तो आमच्या घरी आला तेव्हा मी मोठ्या अभिमानाने त्याला माझे पान उघडून दिले.

त्याने एक कळ दाबली. यंत्र म्हणाले, पुढे मथळा नाही. त्याने पुन्हा दाबली, तेच उत्तर. मग तो पहिल्या ओळीपासून ऐकू लागला. मुख्यपृष्ठ, दुवा. आमच्याविषयी, दुवा. संपर्क, दुवा. अशा चाळीस ओळी त्याने शांतपणे ऐकल्या. पुढे मजकूर आला आणि शेवटी ते चित्र. चित्रापाशी यंत्राने फक्त फाइलचे नाव आणि आकडा उच्चारला. तारीख बोललीच नाही, कारण तारीख अक्षरांत नव्हती, रंगांत होती. मी चित्र पाहून त्याला ती सांगितली. मुदत टळून तीन दिवस झाले होते.

तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, “भाईजान, तुमचं पान बोलतं, पण वाट दाखवत नाही.” त्या वर्षीची फी खालूंनी उसनवारी करून भरली. ते वाक्य आणि ती उसनवारी मी विसरलो नाही. आज जे काही सांगणार आहे ते त्या दिवशी शिकलेले आहे.

कानाने वाचणारे

आपण डोळस माणसे पान वाचतो म्हणजे काय करतो? सगळे अक्षर न् अक्षर वाचीत नाही. नजर वरून खाली भिरभिरते, मोठे अक्षर दिसले की थांबते, नको असलेला भाग ओलांडते आणि हव्या त्या जागी उतरते. हे काम मथळे करतात. वर्तमानपत्र हाती घेतल्यावर आपण हेच करतो.

कानाने वाचणाऱ्याला नजर टाकण्याची सोय नाही. त्याच्यापुढे पान एका लांब दोऱ्यासारखे असते. आधीचे टोक हातातून गेल्याशिवाय पुढचे येत नाही. म्हणून त्याच्या प्रोग्रॅममध्ये उड्या मारण्याच्या कळा असतात. एनव्हीडीए नावाचा असा एक प्रोग्रॅम आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी त्याचे काम २००६ साली सुरू केले. तो आजही विनामूल्य मिळतो आणि त्यात मराठीही ऐकता येते. त्यात ‘एच’ ही कळ दाबली की पुढचा मथळा येतो. १ ते ६ हे आकडे दाबले की त्या त्या पातळीचा मथळा येतो. ‘टी’ दाबले की तक्ता, ‘एफ’ दाबले की अर्जातला रकाना. अमेरिकेतील वेबएम ही संस्था असे प्रोग्रॅम वापरणाऱ्यांची वेळोवेळी पाहणी करते. लांब पानावर हवी ती माहिती कशी शोधता, असे विचारले असता दर दहांपैकी सातांच्या आसपास लोक सांगतात, मथळ्यावरून.

आता माझ्या पानाचा दोष आपल्या ध्यानात येईल. लाल मोठे अक्षर डोळ्यांना मथळा वाटत होते. पण पानाच्या आत मी ‘हा मथळा आहे’ असे कोठेही लिहिले नव्हते, ‘हे अक्षर मोठे व लाल कर’ एवढेच लिहिले होते. यंत्राला रंग ऐकू येत नाही. ज्याला आपण दार समजत होतो ती भिंतीवर रंगवलेली दाराची आकृती होती.

खिळ्यांच्या काळातली खूण

ही मथळ्याची खूण म्हणजे काय, ते समजण्यासाठी थोडे मागे जाऊ. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी लेखकाचा हस्तलिखित मजकूर छापखान्यात जाई. तो जुळाऱ्याकडे देण्यापूर्वी कोणी जाणता माणूस समासात खुणा करी: हा मथळा, याला मोठा काळा टाइप; हा उतारा, याला बारीक. त्या खुणा छापल्या जात नसत. परंतु छापलेले पान कसे व्हावे हे त्या खुणांवर ठरे. वेब पान ज्या भाषेत लिहितात तिला एचटीएमएल म्हणतात. त्यातले शेवटून दुसरे अक्षर ‘एम’ हे याच खुणा करण्याच्या कामाचे आहे.

१९६९ साली आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी या तिघांनी या खुणांत एक मोठा बदल केला. त्यांचे म्हणणे असे, की ‘अक्षर मोठे कर’ असे लिहूच नये, ‘हा मथळा आहे’ असे लिहावे. मोठे करायचे की रंगीत, ते छापणारे यंत्र नंतर ठरवील. वस्तूचे रूप न सांगता वस्तूचे नाव सांगावे, हा त्याचा गाभा. यातूनच पुढे १९८६ साली एक आंतरराष्ट्रीय मानक तयार झाले.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची योजना मांडली. १९९१ साली त्यांनी खुणांची जी यादी दिली ती अवघी अठराच्या घरात होती. परिच्छेद, यादी, दुवा आणि मथळ्यांच्या सहा पातळ्या, एच-१ पासून एच-६ पर्यंत. तिच्यात नटवेगिरी नव्हती. म्हणूनच जगातले ते पहिले वेब पान आजच्या मोबाइलवरसुद्धा सरळ उघडते आणि वाचता येते. पुढची कितीएक भपकेबाज पाने दहा वर्षांत निकामी झाली. विद्यार्थी मित्रांनो, यावर विचार करा.

मधल्या काळात वाट चुकली. लोक पानाला रंग आणि अक्षरांचे आकार मजकुरातच कोंबू लागले. आकड्यांसाठी असलेले तक्ते पानाचे कप्पे पाडायला वापरू लागले. सजावट वेगळी ठेवावी, ही योजना हाकोन व्हियुम ली यांनी १९९४ साली मांडली आणि १९९६ साली तिचे पहिले मानक निघाले. त्याला सीएसएस म्हणतात. मजकूर व त्याच्या खुणा एका जागी, कपडेलत्ते दुसऱ्या जागी. तरीही एक अडचण उरली. मथळा, परिच्छेद, यादी यांना खुणा होत्या. परंतु पानाचा माथा, दुव्यांची पट्टी, मुख्य मजकूर, तळ यांना स्वतःची खूण नव्हती. सगळेजण ‘डिव्ह’ नावाचा एकच बिननावाचा खोका वापरीत. २००५ साली गूगलने एक अब्जाहून अधिक पाने तपासली, तेव्हा दिसून आले की जगभरचे लोक त्या खोक्यांवर आपापल्या परीने सारख्याच चिठ्ठ्या लावीत होते: फूटर, मेनू, हेडर, कंटेंट. गरज सर्वांची एक होती. २०१४ साली एचटीएमएल-५ हे मानक पक्के झाले, त्यात या भागांना अधिकृत नावे मिळाली.

बाजारातल्या रांगा

ही नावे पाठ करण्यापेक्षा आठवडी बाजार डोळ्यांपुढे आणा. भाजीची रांग वेगळी, धान्याची वेगळी, कापडाची वेगळी, भांड्यांची वेगळी. नवखा माणूसही कोपऱ्यावर विचारतो, “भाजी कोणत्या बाजूला?” आणि सरळ तेथे जातो. हाच माल एका ढिगात ओतला तर माल तोच राहील, पण बाजार राहणार नाही.

वेब पानाच्या रांगा अशा. ‘हेडर’ म्हणजे पानाचा माथा: संस्थेचे नाव, चिन्ह. ‘नॅव्ह’ म्हणजे दुव्यांची पट्टी. ‘मेन’ म्हणजे ज्यासाठी माणूस आला तो मुख्य मजकूर. तो पानावर एकच असावा. ‘आर्टिकल’ म्हणजे वेगळा काढून दुसरीकडे छापला तरी पूर्ण वाटेल असा मजकूर, जसे एखादी बातमी किंवा सूचना. ‘सेक्शन’ म्हणजे त्याचा एक भाग, ज्याला स्वतःचा मथळा असतो. ‘असाइड’ म्हणजे बाजूची चौकट. ‘फूटर’ म्हणजे तळ: पत्ता, वेळ, हक्क. या खुणा असल्या की ऐकणारा एका कळीने दुव्यांची पट्टी ओलांडून मुख्य मजकुरात पोचतो. माझ्या भावाला चाळीस दुवे ऐकावे लागले, कारण मी ‘नॅव्ह’ आणि ‘मेन’ लिहिले नव्हते. दोन शब्दांचा आळस, दुसरे काही नाही.

जांबचा दाखला

मथळ्यांच्या पातळ्या म्हणजे काय, यासाठी परदेशी उदाहरण नको. आपल्याच घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ आहे, समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांच्या दासबोधाची रचना पाहा. ग्रंथ एक, त्यात वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास, समासात क्रमाने ओव्या. दशकाला नाव आहे, समासालाही नाव आहे. म्हणून कोणी “अमुक दशक, अमुक समास” म्हटले की श्रोता पोथीत नेमक्या जागी पोचतो, पान क्रमांक विचारावा लागत नाही. ग्रंथाचे नाव म्हणजे एच-१, दशक म्हणजे एच-२, समास म्हणजे एच-३ आणि ओवी म्हणजे परिच्छेद, असे समजा.

आता हीच रीत शाळेच्या सूचनेला लावू. समजा शिष्यवृत्तीचे पान करावयाचे आहे. त्याचा सांगाडा असा होईल:

एच-१ : शिष्यवृत्ती अर्जाची सूचना
एच-२ : शेवटची तारीख
एच-२ : अर्ज कोणी करावा
एच-२ : लागणारी कागदपत्रे
एच-३ : शाळेतून मिळणारी (बोनाफाईड, गुणपत्रिका)
एच-३ : तहसीलमधून मिळणारी (उत्पन्नाचा दाखला)
एच-३ : घरी असणारी (आधार कार्ड, बँकेचे पासबुक)
एच-२ : अर्ज कसा भरावा
एच-२ : अडचण आल्यास कोणाला विचारावे

खालचा मजकूर न वाचताही, नुसते मथळे ऐकून पानात काय आहे ते कळते. हीच चांगल्या मथळ्यांची कसोटी. येथे तीन पथ्ये पाळावीत. पहिले, एच-१ एकच ठेवावा. एका पानावर कितीही एच-१ घातले तरी ब्राउझर त्यांच्या पातळ्या आपोआप लावील, अशी एक कल्पना मानकात होती. परंतु कोणत्याही ब्राउझरने ती अमलात आणली नाही आणि २०२२ साली ती मानकातून काढून टाकण्यात आली. दुसरे, पायरी गाळू नये. एच-२ नंतर एकदम एच-४ आला तर ऐकणाऱ्याला वाटते, मधले काहीतरी आपल्याकडून सुटले. तिसरे, अक्षर लहान हवे म्हणून एच-४ निवडू नये. आकार सीएसएसने ठरवावा, पातळी अर्थाने.

मराठीत याचे रोजचे उदाहरण म्हणजे १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया. तेथे लेखाचे नाव हाच एच-१ असतो. आत मथळा द्यावयाचा असला की लिहिणारा शब्दाच्या दोन्ही बाजूंना बरोबरची दोन-दोन चिन्हे घालतो. तो एच-२ होतो. तीन-तीन घातली की एच-३. लेखाची अनुक्रमणिका त्यावरून आपोआप तयार होते, कोणाला वेगळी लिहावी लागत नाही. मथळ्याऐवजी कोणी नुसते ठळक अक्षर केले, तर ते अनुक्रमणिकेत येत नाही. खूण आणि रंग यांतला भेद तेथे लगेच उघडा पडतो.

दिसते एक, असते दुसरे

आपल्या भाषांच्या बाबतीत हा भेद अधिकच महाग पडतो. तीन गोष्टी सांगतो.

युनिकोड रुळण्यापूर्वीचे मराठी फाँट अनेकांच्या कचेरीत अजून आहेत. त्या फाँटात पडद्यावर ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या पोटात एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असते. डोळ्यांनी वाचणाऱ्याला फरक पडत नाही. वाचून दाखविणारे यंत्र मात्र ते इंग्रजी अक्षर उच्चारते आणि सगळी सूचना अर्थहीन बडबड होते. शोधायला गेले तर ती सापडतही नाही. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच लिहावा आणि त्याचे चित्र करून लावू नये. चित्र लावावेच लागले तर त्याच्या ‘अल्ट’ या जागी चित्रातला अर्थ शब्दांत लिहावा.

दुसरी गोष्ट पानाच्या भाषेची. मराठी आणि हिंदी दोन्हींची लिपी देवनागरी. पान कोणत्या भाषेत आहे हे ‘लँग’ या जागी सांगितले नाही तर यंत्र मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचू शकते. मग ‘२९’ हा आकडा एकोणतीस न होता ‘उनतीस’ होतो, ‘जमीन’मधला ज बदलतो आणि ‘ळ’ची गत काय होईल ते सांगता येत नाही. मराठीसाठी ‘एमआर’ ही दोन अक्षरे लिहिली की काम होते.

तिसरी गोष्ट उर्दूची. आपल्या संस्थेच्या पत्रकांत मराठी आणि उर्दू शेजारी शेजारी असतात. उर्दू भागाला ‘यूआर’ ही भाषेची आणि ‘आरटीएल’ ही उजवीकडून डावीकडे जाण्याची खूण द्यावी. ती नसली तरी अक्षरे जुळतात, त्यामुळे करणाऱ्याला वाटते सर्व ठीक आहे. पण पूर्णविराम भलत्या टोकाला जातो आणि मध्ये आकडा किंवा मराठी शब्द आला की वाक्यातला क्रम उलटसुलट होतो. दोन भाषा घरात नांदवायच्या तर दोघींना त्यांच्या नावाने हाक मारावी लागते.

हाच न्याय तक्त्याला. गुणपत्रिकेचा तक्ता करताना वरच्या ओळीला ‘टीएच’ ही शीर्षकाची खूण दिली, तर यंत्र “गणित, ६२” असे वाचते. दिली नाही तर नुसते “६२” म्हणते आणि ऐकणारा कोणत्या विषयात ६२ म्हणून विचारात पडतो. अर्जातल्या प्रत्येक रकान्याला ‘लेबल’ असावे. दुव्यावर “येथे क्लिक करा” असे लिहू नये, “शिष्यवृत्तीचा अर्ज” असे लिहावे. कारण ऐकणारा पुष्कळदा नुसते दुवेच एकापाठोपाठ ऐकतो, आणि दहा वेळा “येथे क्लिक करा” ऐकून त्याला काय कळणार?

ही मेहेरबानी नव्हे

आपण म्हणाल, एवढा खटाटोप मूठभर लोकांसाठी? २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टीचे अपंगत्व असलेले पन्नास लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. शिवाय वय झाल्यावर ज्यांची नजर मंदावते ते वेगळेच. आणि आपल्या घराघरांतल्या ज्या दादी-नानींना अक्षरओळख नाही, त्याही आता मोबाइलला पान वाचून दाखवायला लावतात. त्यांचा कान आणि माझ्या भावाचा कान एकच. नेट मंद असले आणि सजावट उतरलीच नाही, तरी खुणा नीट असलेले पान क्रमाने वाचता येते. हा फायदा तर खेड्यातल्या प्रत्येकाचा. गूगलसारखे शोधयंत्रदेखील पान कशाविषयी आहे हे समजून घेताना मथळ्यांची मदत घेते.

कायदाही आता स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ४२ व्या कलमाने माहिती आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमे दिव्यांगांना वापरता येतील अशी व्यवस्था करणे शासनावर सोपविले आहे. सरकारी वेबसाइटसाठी २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे निघाली. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ साली आली. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तेव्हा ही कोणावर केलेली मेहेरबानी नव्हे. शाळेच्या दाराशी पायरीऐवजी उतार करणे जसे कर्तव्य, तसेच हे.

आजपासून काय करावे

विद्यार्थी मित्रांनो, याची सुरुवात संगणकापासून करू नका, वहीपासून करा. धडा वाचून झाला की त्याचे मथळे आणि उपमथळे काढा. ज्याला सांगाडा काढता येतो त्याला विषय समजला. एमएस-सीआयटीच्या वर्गात वर्डमध्ये प्रकल्प लिहाल, तेव्हा मथळा नुसता ठळक करून थांबू नका. ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ या शैली वापरा. अनुक्रमणिका आपोआप तयार होईल आणि हात वळण घेईल. पुढे तुमच्यापैकी कोणी सेवा केंद्र चालवील, कोणी ग्रामपंचायतीचे पान करील, कोणी पुण्या-मुंबईच्या कंपनीत जाईल. हे वळण तेथे उपयोगी पडेल, कारण मोठ्या कंपन्याही आता असे काम जाणणाऱ्या माणसांच्या शोधात असतात.

पान करून झाले की दोन परीक्षा घ्या. पहिली, सगळी सजावट काढून टाका आणि पाहा, उरलेला मजकूर वरपासून खालपर्यंत सरळ वाचता येतो का. दुसरी, मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ हा भाग असतो. अँड्रॉइडवर तेथे टॉकबॅक आणि आयफोनवर व्हॉइसओव्हर मिळेल. तो सुरू करा, डोळे मिटा आणि आपलेच पान ऐका. एक सूचना देऊन ठेवतो: तो सुरू असताना एकदा बोट लावले तर फक्त वाचून दाखवतो, उघडायचे तर दोनदा टिचकी मारावी लागते. हे माहीत नसल्याने पुष्कळजण मोबाइल बिघडला म्हणून घाबरतात. पाच मिनिटे डोळे मिटून बसाल तर माझ्या तासाभराच्या भाषणापेक्षा अधिक शिकाल.

पालकहो, आपल्याला एकही खूण पाठ करण्याची गरज नाही. आपण फक्त विचारा. शाळेने, पतसंस्थेने, ग्रामपंचायतीने नवे पान केले आणि कौतुकाने दाखविले, की रंगाचे कौतुक जरूर करा, पण पुढे विचारा, “हे ज्याला दिसत नाही त्याला ऐकू येते का? तारीख चित्रात तर नाही ना?” चार जणांनी चार वेळा विचारले की करणारा सुधारतो. मलाही कोणी आधी विचारले असते तर खालूंना उसनवारी करावी लागली नसती.

ते पान मी त्याच सुट्टीत दुरुस्त केले. दोन संध्याकाळी लागल्या. रंग तेच ठेवले, चिन्ह तेच ठेवले. पाहणाऱ्या कोणाला फरक कळलाही नाही. पुढच्या वर्षी सूचना लागली तेव्हा माझ्या भावाने माझ्यासमोरच पान उघडले. एच दाबले: शिष्यवृत्ती अर्जाची सूचना. पुन्हा एच: शेवटची तारीख. तो थांबला, तारीख ऐकली आणि अर्ज भरायला लागला. मला काही म्हणाला नाही. म्हणण्यासारखे काही उरले नव्हते, आणि हेच मला हवे होते.